प्रेक्षक की सहृदय? : 'द हंगर गेम्स' कादंबरीमाला आणि वाचकाचा प्रतिसाद

प्रस्तावना

साहित्यकृती वाचताना वाचक नेमका कोठे उभा असतो, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. अभिनवगुप्ताने 'सहृदय' या संकल्पनेतून काव्याशी तन्मय होऊ शकणाऱ्या रसिकाचे लक्षण सांगितले. पाश्चात्त्य समीक्षेत लुईस रोझेनब्लाट यांनी १९३८ मध्ये 'लिटरेचर ॲज एक्सप्लोरेशन' या ग्रंथातून वाचनाला वाचक आणि संहिता यांच्यातील घटना मानले. पुढे वोल्फगांग इझर यांनी संहितेतील मोकळ्या जागा वाचक कशा भरतो, याची मीमांसा केली. या सर्व विचारांत वाचक हा बहुधा संहितेच्या बाहेर, सुरक्षित अंतरावर असतो. मात्र काही कलाकृती वाचकाचे हे सुरक्षित स्थानच संशयास्पद ठरवितात. अमेरिकन लेखिका सुझान कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' ही कादंबरीमाला अशा कृतींपैकी एक होय. किशोरवयीनांसाठीचे लेखन म्हणून अभ्यासकांकडून तिची उपेक्षा होण्याचा संभव असतो. म्हणून या मालेने वाचकापुढे कोणता प्रश्न ठेवला आणि वाचकांनी त्याला कसा प्रतिसाद दिला, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखिका आणि मालेची पार्श्वभूमी

सुझान कॉलिन्स यांचा जन्म १९६२ मधील. त्यांचे वडील अमेरिकन हवाई दलात अधिकारी होते आणि व्हिएतनाम युद्धात त्यांनी सेवा बजावली होती. वडील रणभूमीवर असतानाचे वर्ष एका लहान मुलीला कसे दिसले, हे कॉलिन्स यांनी 'इयर ऑफ द जंगल' (२०१३) या चित्रपुस्तकात सांगितले आहे. कादंबरीलेखनाकडे वळण्यापूर्वी त्यांनी मुलांच्या दूरचित्रवाणी मालिकांसाठी संहितालेखन केले. एका रात्री दूरचित्रवाणीच्या वाहिन्या बदलत असताना एकीकडे तरुणांच्या स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्ये दिसली, ही दोन्ही चित्रे मनात एकमेकांत मिसळली आणि त्यातून कथाबीज सुचले, असे त्यांनी मुलाखतींत नमूद केले आहे. युद्ध आणि करमणूक यांचा हा संकर संपूर्ण मालेच्या मुळाशी आहे.

मालेत आजवर पाच कादंबऱ्या आहेत : 'द हंगर गेम्स' (२००८), 'कॅचिंग फायर' (२००९), 'मॉकिंगजे' (२०१०), 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' (२०२०) आणि 'सनराइज ऑन द रीपिंग' (२०२५). उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर उभ्या राहिलेल्या 'पॅनेम' या राष्ट्रात कॅपिटॉल ही वैभवशाली राजधानी बारा जिल्ह्यांवर सत्ता गाजविते. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी १२ ते १८ वयोगटातील एक मुलगा व एक मुलगी खंडणीदाखल द्यावयाची. या २४ मुलांनी एकच उरेपर्यंत परस्परांना मारावयाचे आणि सर्व देशाने ते पडद्यावर पाहावयाचे. अथेन्सने क्रीटला तरुण-तरुणींची खंडणी पाठविल्याची ग्रीक पुराणकथा यामागे आहे, तर 'पॅनेम' हे नाव रोमन कवी ज्युव्हेनलच्या 'भाकरी आणि खेळ' या प्रसिद्ध लॅटिन उक्तीतून आले आहे.

आदर्श समाजाच्या स्वप्नाचा हा उलटा चेहरा, म्हणजेच डिस्टोपिया, केवळ क्रौर्यावर उभा नाही. त्याला हिशेबाची जोड आहे. गरीब कुटुंबातील मुलाला वर्षभराचा धान्य-तेलाचा शिधा मिळू शकतो, परंतु त्या बदल्यात सोडतीत त्याच्या नावाची एक चिठ्ठी वाढते आणि या चिठ्ठ्या दरवर्षी साठत जातात. कथा सुरू होते तेव्हा सोळा वर्षांच्या कॅटनिसच्या नावाच्या २०, तर तिचा मित्र गेल याच्या नावाच्या ४२ चिठ्ठ्या आहेत. सोडत सर्वांसाठी समान दिसते. भूक मात्र ती आधीच ठरवून ठेवते.

वाचक प्रेक्षकाच्या आसनावर

खेळातील मुलांना श्रीमंत प्रेक्षक भेटवस्तू पाठवू शकतात. जखमी पीटाचे कॅटनिस चुंबन घेते आणि थोड्याच वेळात सूपाचे भांडे खाली उतरते. प्रेमकथा रंगविली तर अन्न मिळेल, हा मार्गदर्शक हेमिचचा संकेत तिला उमगतो. येथे प्रेम ही प्रेक्षकांपुढे मांडलेली, जगण्यासाठीची युक्ती आहे. असे असूनही, कॅटनिसने पीटाला निवडावे की गेलला, या वादात वाचकांचे मोठे तट पडले. प्रस्तुत लेखकाने आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांना या कादंबरीवर एक पानभर प्रतिक्रिया लिहावयास सांगितली, तेव्हा बहुतेक पाने याच प्रश्नाने भरलेली होती. शिध्याच्या चिठ्ठ्यांचा उल्लेख मोजक्यांनीच केला होता.

विद्यार्थ्यांना दोष देण्यापूर्वी स्वतःकडे पाहणे उचित ठरेल. पहिल्या कादंबरीच्या अखेरीस केटो या प्रतिस्पर्ध्यावर हिंस्र पशू सोडले जातात आणि तो रात्रभर तडफडत राहतो. शेवटी कॅटनिस दयेपोटी बाण मारून त्याची सुटका करते. प्रथम वाचनात प्रस्तुत लेखक त्या मुलाच्या मृत्यूची अधीरतेने वाट पाहत होता, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. कॅटनिसला वाटलेली दया वाचकाला नंतर वाटली. त्या काही पानांपुरता वाचक कॅपिटॉलचा नागरिक झाला होता.

लेखिका स्वतःही प्रत्येक प्रकरणाचा शेवट उत्कंठेवर करते. मग ज्या करमणुकीचा ती निषेध करते, तीच ती विकत नाही काय, असा आक्षेप घेता येईल. तो अगदीच निराधार नाही. तथापि तिसऱ्या भागात लेखिका ही उत्कंठा जाणीवपूर्वक काढून घेते. फिनिकसारख्या लाडक्या पात्राचा मृत्यू अवघ्या काही वाक्यांत उरकतो. जिला वाचविण्यासाठी सर्व कथा घडली, ती धाकटी बहीण प्रिम बॉम्बस्फोटात मरते. बंडखोरांची अध्यक्ष कॉइन तर कॅपिटॉलच्या मुलांचा असाच खेळ भरविण्याचा प्रस्ताव मांडते. अनेक वाचकांना 'मॉकिंगजे' निराशाजनक वाटली. परंतु युद्धाची गोष्ट वाचून वाचक समाधानाने उठू नये, हाच लेखिकेचा हेतू असल्यास त्या निराशेला तिचे यशच म्हणावे लागेल.

प्रतिसादाची तीन रूपे

या मालेला मिळालेल्या प्रतिसादांपैकी तीन येथे विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला प्रतिसाद बाजारपेठेचा. २०१३ मध्ये दुसऱ्या चित्रपटाच्या निमित्ताने एका अमेरिकन प्रसाधन कंपनीने कॅपिटॉलच्या नावाने सौंदर्यप्रसाधनांची श्रेणी बाजारात आणली. कादंबरीत जे उपहासाचे लक्ष्य होते, ते अनुकरणाचे बनले.

दुसरा प्रतिसाद अधिक वेदनादायक आहे. बारा वर्षांची रू ही अकराव्या जिल्ह्यातील मुलगी. तिची त्वचा गडद तपकिरी असल्याचे कादंबरीत स्पष्ट म्हटले आहे. २०१२ च्या चित्रपटात कृष्णवर्णीय बालअभिनेत्रीने ही भूमिका केली, तेव्हा काही वाचकांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. तिच्या मृत्यूचे दुःख त्यामुळे उणावले, असेही काहींनी लिहिले. संहितेतील मोकळी जागा वाचक भरतो, असे इझर म्हणतात. येथे वाचकांनी भरलेली जागासुद्धा आपल्या पूर्वग्रहाने पुसून टाकली. सहृदयतेला आपपर-भावाची मर्यादा पडली की ती कशी आटते, याचा हा बोलका दाखला आहे.

तिसरा प्रतिसाद याच्या अगदी विरुद्ध टोकाचा. कादंबरीत तीन बोटे ओठांना लावून उंचावणे ही बाराव्या जिल्ह्यातील जुनी खूण आहे. कृतज्ञता, आदर आणि प्रियजनाचा निरोप असा तिचा अर्थ. थायलंडमध्ये मे २०१४ च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी हीच खूण स्वीकारली आणि ती केल्याबद्दल काहींना ताब्यात घेण्यात आले. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या उठावानंतर ती पुन्हा दिसली. त्या देशाच्या राजदूतांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तीन बोटे उंचावली. यांतील अनेकांपर्यंत ही खूण चित्रपटांतून पोहोचली असणार. तरीही पाहणारे केवळ प्रेक्षक राहिले नाहीत, हे महत्त्वाचे.

पाचवी कादंबरी : वाचकाची परीक्षा

नंतरच्या दोन कादंबऱ्यांत लेखिकेने हा विषय आणखी पुढे नेला. २०२० च्या कादंबरीत दहाव्या खेळाची कथा आहे. लोक तो पाहण्यास फारसे उत्सुक नसतात. पैजा आणि भेटी यांच्याद्वारे प्रेक्षकाला सहभागी करून घेण्याची कल्पना तरुण स्नो मांडतो. प्रेक्षक हा जन्मतः तसा नसतो, तो घडविला जातो, हे येथे स्पष्ट होते.

२०२५ ची कादंबरी तर वाचकालाच पेचात पकडते. 'कॅचिंग फायर'मध्ये कॅटनिस व पीटा हेमिचने जिंकलेल्या पन्नासाव्या खेळाची जुनी चित्रफीत पाहतात. त्यांच्याबरोबर वाचकांनीही २००९ मध्ये ती पाहिली आणि खरी मानली. सोळा वर्षांनंतर कळते की, ती चित्रफीत कापून-जोडून तयार केलेली होती. हेमिचने रणांगणाची यंत्रणाच उद्ध्वस्त करण्याचा केलेला प्रयत्न तीतून वगळलेला होता आणि एका बंडखोर मुलाला आपमतलबी विजेता म्हणून दाखविले होते. बहुसंख्य लोक मूठभरांची सत्ता इतक्या सहजपणे का स्वीकारतात, या डेव्हिड ह्यूमच्या प्रश्नातून ही कादंबरी सुचल्याचे लेखिकेने म्हटले आहे. त्या प्रश्नाच्या उत्तरात वाचकाचा स्वतःचाही वाटा निघतो.

समारोप

भारतीय काव्यशास्त्रातील सहृदय आणि कॅपिटॉलचा प्रेक्षक हे दोघेही पाहतात आणि दोघांचेही डोळे पाणावतात. रडण्यावरून त्यांच्यातील भेद ओळखता येत नाही. सहृदयाच्या ठायी दुसऱ्याचे दुःख 'हे माझे', 'हे परक्याचे' या भेदापलीकडे जाते. प्रेक्षक मात्र आपल्या आवडत्या स्पर्धकासाठी रडतो आणि उरलेल्या तेवीस जणांना विसरतो. कॉलिन्स यांच्या मालेचे वाङ्मयीन मूल्य कितीही वादग्रस्त मानले, तरी हा भेद तरुण वाचकाला स्वतःच्या अनुभवातून ओळखावयास लावण्याचे तिचे सामर्थ्य नाकारता येणार नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक साधी सूचना करावीशी वाटते. ही माला, किंवा अशा स्वरूपाची कोणतीही कलाकृती, वर्गात घेताना 'तुम्हांला कोण आवडले?' या प्रश्नावर न थांबता 'कोणाच्या मृत्यूची तुम्ही वाट पाहिली?' हाही प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर प्रथम अध्यापकाने द्यावे.