अकरा की बारा?

आजीचं सगळं गणित बोटांच्या पेरांवर चालायचं. आतेबहिणीचा जन्म ३ तारखेचा. आजीने करंगळीच्या पहिल्या पेरावर अंगठा टेकवला, "तीन" म्हणाली आणि पेर पेर पुढे सरकत "चौदा"ला थांबली. चार बोटांची पेरं बाराच, तेव्हा हात संपला की बारसं. मी सहावीत होतो, वजाबाकीचा ताठा होता. चौदातून तीन गेले अकरा! "आजी, अकरावाच दिवस आहे." त्यावर ती म्हणाली, "मग जन्मली तो दिवस काय पाण्यात टाकायचा?"

चूक दोघांचीही नव्हती. ती दिवस मोजत होती, मी दिवसांमधली अंतरं. रांगेत बारा माणसं उभी असली की मधल्या फटी अकराच असतात. दोन तारखांमध्ये किती काळ गेला, हे सांगण्याआधी टोकांचे दिवस धरायचे की सोडायचे ते ठरवावं लागतं, आणि बहुतेक भांडणं तिथेच होतात.

कायद्याने हे ठरवून टाकलंय, पण दोन्हीकडे सारखं नाही. १८९७च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या ९व्या कलमानुसार मुदतीत 'पासून' असा शब्द असला की पहिला दिवस सोडायचा. अपिलाची मुदत मोजतानाही निकालाचा दिवस धरत नाहीत. वयाच्या बाबतीत मात्र कायदा आजीच्या बाजूचा. १८७५चा इंडियन मेजॉरिटी ॲक्ट जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरायला सांगतो.

याचा परिणाम बघायचा तर ३१ मेला एखाद्या सरकारी कचेरीत जावं. हारतुरे, श्रीफळ, शाल, एकाच दिवशी चार-पाच निरोप समारंभ. पूर्वी गावोगावी जन्माची नोंद नसायची. शाळेत नाव घालताना मास्तर जूनच्या सुमाराची म्हणून १ जून ही तारीख ठोकून देत. त्यामुळे महाराष्ट्रात एका पिढीच्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. आता जन्मदिवस धरला, तर १ जूनवाल्याचं अठ्ठावन्नावं वर्ष ३१ मेलाच भरतं, आणि माणूस वाढदिवसाच्या आदल्या दिवशी निवृत्त होतो. निवृत्ती महिनाअखेरीलाच होते, त्यामुळे २ जूनचा जन्म लागला असता, तर त्याला अख्खा जून मिळाला असता. मास्तरांच्या टाकाने खाल्लेला महिना!

महिना हे मापच मुळात लबाड. १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी ३१ दिवस, पुढच्या १५ मार्चपर्यंत २८, आणि दोन्हींना आपण एक महिनाच म्हणतो. २९ जानेवारीच्या हुंडीचा महिना कधी भरायचा? १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये नेमकं हेच उदाहरण दिलंय, १८७८ सालचं: महिना २८ फेब्रुवारीला संपतो, वर सवलतीचे तीन दिवस.

या कटकटीवर आपल्याकडच्या ज्योतिषांनी फार पूर्वी तोड काढली होती. महिने-वर्षं बाजूला ठेवायची आणि एका ठरलेल्या आरंभापासून सरसकट दिवस मोजत जायचे. या संख्येला म्हणतात अहर्गण. कलियुगाच्या आरंभापासून मोजला तर तो सोळा-सतरा लाखांच्या घरात जाई. पाटीवर तेवढे आकडे गुणायचे म्हणजे शिक्षाच. कोकणातल्या मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' हा ग्रंथ शके १४४२, म्हणजे १५२० हा आरंभ धरून रचला. त्यांनी अकरा वर्षांचं एक चक्र केलं, ४०१६ दिवसांचं. चक्रं वेगळी, उरलेले दिवस वेगळे, त्यामुळे आकडा हाताबाहेर जात नाही. अकरा वर्षांत अधिक महिने साधारण चार येतात, म्हणजे १३६ चांद्रमास. तेवढ्यात ४०१६ दिवस जवळजवळ बिनचूक बसतात. ही निवड मला तरी फार देखणी वाटते.

अहर्गणाची खरी गरज कळते ती जुन्या तारखांशी गाठ पडल्यावर. शिवरायांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ला, पानिपत १४ जानेवारी १७६१ला. मधले दिवस किती? संगणकाला विचारलं तर ३१,६३३ असं उत्तर येतं. पण राज्याभिषेकाची रूढ तारीख इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या, ज्युलियन पंचांगाची आहे. त्यांनी पंचांग बदललं १७५२मध्ये. तिथे २ सप्टेंबरनंतर थेट १४ तारीख उजाडली. १६७४मध्ये मात्र फरक दहाच दिवसांचा होता, म्हणून नव्या पंचांगाप्रमाणे राज्याभिषेक १६ जूनला येतो आणि दिवस भरतात ३१,६२३.

पडताळा घ्यायचा तर वार बघावा. पंचांग बदललं तरी वार चुकला नव्हता, बुधवारनंतर गुरुवारच आला होता. राज्याभिषेक शनिवारी झाला. ३१,६३३ला सातने नि:शेष भाग जातो, म्हणजे पानिपतही शनिवारी यायला हवं. ३१,६२३ला भागलं तर बाकी उरते चार. शनिवारच्या पुढे चार पेरं मोजली की बुधवार, आणि पानिपतचा वार बुधवारच होता. ही पेरं मोजताना शनिवार मात्र सोडायचा बरं का. इथे आजीचं चालणार नाही.