जंतूंची कॉपी!

बोरिवली-अंधेरीहून चर्चगेटची धीमी लोकल पकडलीत, की वांद्र्यानंतर माहीम येतं. तिथल्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत २००९ साली, ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात, २४ भलतेच चिवट जंतू सापडले. इतर अँटिबायोटिक्स हरली, की डॉक्टर ‘कार्बापेनेम’ हे राखीव अस्त्र काढतात. या पठ्ठ्यांनी त्यालाही दाद दिली नाही! तपासलं, तर २४ पैकी २२ जंतूंकडे ‘एनडीएम-१’चं जनुक निघालं. त्याच्या मदतीने जंतू एक विकर तयार करतो आणि कात्रीने कापावं तसं औषध तोडून टाकतो. मग डॉक्टरांच्या हाती एखाद-दुसरंच औषध उरतं.

गंमत पाहा, परीक्षेत कॉपीची चिठ्ठी फिरावी, तसं हे जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातं. अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेही! रुग्णालयात तर औषधांचा मारा सततचा. साधे जंतू मरतात, चिठ्ठीवाले उरतात नि वाढतात. जखमेतून, नळीतून, न धुतलेल्या हातांवरून ते अशक्त रुग्णाला गाठतात.

मग आपण काय करायचं? आजोबांना भेटायला रुग्णालयात गेलात, तर आधी आणि नंतर साबणाने हात धुवा. सर्दी होते विषाणूंमुळे. तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. आणि आज आईबाबांबरोबर घरातला औषधांचा डबा उघडा. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ दिसेल, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. ही चिठ्ठी मात्र हवीच हं!