पेपरात आलेला रस्ता गावात कधी येतो?

गटाच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, की बोलणं हमखास गावाच्या कामावर येतं. एक म्हणते, "आमदार साहेबांनी आपल्या वस्तीला रस्ता दिला म्हणं, पेपरात आलंय." दुसरी म्हणते, "दिला तर मग दिसंना कसा?" आज आपण या दोन वाक्यांच्या मधलीच गोष्ट समजून घेणार आहोत.

आधी आपला मतदारसंघ कोणता ते पाहू. थोरल्या बायांना आठवत असेल, पूर्वी रेणापूर नावाचाच विधानसभा मतदारसंघ होता. गोपीनाथ मुंडे १९८० साली इथूनच पहिल्यांदा विधानसभेत गेले. १९९५ साली ते उपमुख्यमंत्री झाले, तेव्हाही रेणापूरचेच आमदार होते. २००८ साली मतदारसंघांची फेररचना झाली आणि २००९ च्या निवडणुकीपासून आपला तालुका लातूर ग्रामीण मतदारसंघात आला. २०१९ साली इथून धीरज देशमुख निवडून आले. त्या वेळी दुसऱ्या क्रमांकाची मतं कुण्या उमेदवाराला नाही, तर 'नोटा'ला पडली होती, साडेसत्तावीस हजार! नोव्हेंबर २०२४ मध्ये रमेश कराड निवडून आले, तेही सात हजारांपेक्षा कमी मतांनी. म्हणजे दहा-वीस गावांच्या बाया ठरवून बोलल्या, तर ते बोलणं कुठल्याही पक्षाच्या आमदाराला ऐकावंच लागतं.

आता आमदाराचं काम काय? पहिलं काम सभागृहातलं. आपल्या विधानसभेत २८८ आमदार आहेत. वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. तिथं कायदे होतात, राज्याच्या खर्चाला मंजुरी मिळते. आमदार तारांकित प्रश्न विचारतात, लक्षवेधी सूचना मांडतात आणि मंत्र्याला त्याचं उत्तर द्यावं लागतं. सोयाबीनची हमीभावानं खरेदी उशिरा सुरू झाली, पीक विम्याचे पैसे अडकले, दवाखान्यात डॉक्टर नाही, हे प्रश्न तिथं मांडायचे असतात.

दुसरं काम मतदारसंघातलं. प्रत्येक आमदाराला स्थानिक विकास निधी असतो. सध्या तो वर्षाला पाच कोटी रुपये आहे. हे पैसे आमदाराच्या हातात येत नाहीत. आमदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळते आणि काम सरकारी यंत्रणा करून घेते. काम सगळ्यांच्या उपयोगाचं लागतं. सभामंडप, रस्ता, स्मशानभूमीचं शेड चालतं, कुणा एकीच्या घराची भिंत चालत नाही. याशिवाय गावात ज्याला 'पंचवीस-पंधरा'चा निधी म्हणतात, तो ग्रामविकास विभागाचा असतो. त्यातली कामंही लोकप्रतिनिधी सुचवतात.

आता येऊ बातमीकडं. 'आमदारांच्या प्रयत्नातून रस्ता मंजूर' असं छापून येतं, तेव्हा काम नेमकं कोणत्या पायरीवर आहे ते विचारायचं. पायऱ्या अशा: आमदाराचं शिफारसपत्र. मग अभियंता जागा बघून अंदाजपत्रक करतो आणि त्याला तांत्रिक मान्यता मिळते. प्रशासकीय मान्यता, म्हणजे खर्चाला सरकारी होकार. मग निविदा. मग ठेकेदाराला कार्यारंभ आदेश. हा आदेश निघाला की काम सुरू व्हायला हवं. काम झाल्यावर मोजमाप होतं आणि बिल निघतं. नारळ यातल्या कोणत्याही पायरीवर फुटू शकतो, म्हणून नुसत्या नारळावर जाऊ नका.

आम्हीही एकदा फसलो होतो. वस्तीचा रस्ता मंजूर झाल्याचं ऐकून आम्ही पेढे वाटले. दोन पावसाळे गेले. चिखलातून पोरं शाळेला जायची, आणि एका बाळंतिणीला बाजेवर घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागलं. शेवटी आम्ही पाचजणी कार्यालयात गेलो आणि कागद बघायला मागितला. कळलं, की फक्त शिफारसपत्र गेलं होतं. रस्त्याची जागा कुणाच्या नावावर आहे, याचा कागदच कुणी जोडला नव्हता, म्हणून पुढं काहीच हललं नाही. अडलं होतं एका कागदावर, आणि आम्ही दोन वर्षं नशिबाला बोल लावत बसलो.

म्हणून मागणी करताना चार गोष्टी सांभाळा. एक, ग्रामसभेचा ठराव घ्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. विषय तिथं मांडा आणि ठरावात लिहून घ्या. दोन, जागेचा कागद जोडा. तीन, अर्जात एकच काम लिहा. दहा मागण्यांच्या अर्जातलं एकही काम पुढं सरकत नाही. चार, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ही पोच गटाच्या फाईलीत ठेवा. महिन्यानं त्याच पोचीवरून विचारायचं, "काम कोणत्या पायरीवर आहे?" तोंडी उत्तर मिळालं नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आणि प्रत्येक कामाला आमदाराकडं धावायचीही गरज नाही. नाली, दिवाबत्ती, गावातलं नळाचं पाणी हे ग्रामपंचायतीचं. जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडीची खोली यासाठी पंचायत समिती आणि जिल्हा परिषद. राशन, निराधारांचं अनुदान यासाठी तहसील. शेतातल्या पाणंद रस्त्यासाठी योजना आहे, तिची सुरुवात ग्रामसभेपासून होते. जिथं गावाची आणि तालुक्याची ताकद संपते, तिथं आमदाराचं काम सुरू होतं.

काम सुरू झालं, की फलक लावलाय का बघा. कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत त्यावर असायला हवी. गटातल्या शिकलेल्या पोरीला तो मोबाईलवर टिपून ठेवायला सांगा. मुरूम किती पडला, खडी किती पडली, हे बघायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. घराचा ओटा सारवताना कुठं पातळ झालं, ते आपल्याला कळतंच की.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की रजिस्टरच्या शेवटच्या पानावर एक रकाना आखा: काम कोणतं, अर्ज कधी दिला, पायरी कोणती. मत आपण पाच वर्षांतून एकदा देतो, पण हा रकाना दर महिन्याला भरता येतो. आमच्या वस्तीचा रस्ता त्या रकान्यातूनच पुढं सरकला. तुमचाही सरको.