कंट्रोल कोणाच्या हातात? अमेरिका आणि रशियाची अंतराळयानं इतकी वेगळी का होती?

१२ एप्रिल १९६१. युरी गागारिन व्होस्तोक-१ मध्ये बसून पृथ्वीभोवती एक फेरी मारून आला. अख्खा प्रवास १०८ मिनिटांचा. पण गंमत बघा, यान चालवायचं काम त्याच्याकडे नव्हतंच. मॅन्युअल कंट्रोल चक्क लॉक होतं. ते उघडायला तीन आकडी कोड लागायचा: १२५. हा कोड एका बंद पाकिटात घालून यानात ठेवला होता.

असं का केलं? वजन नाहीसं झाल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर राहील का, याची तेव्हा डॉक्टरांना खात्री नव्हती. घाबरून भलतंच बटण दाबलं तर? म्हणून अट अशी, की पाकीट उघडून, आकडा वाचून, बरोबर दाबता आला तर माणूस शुद्धीवर आहे असं समजायचं. आजच्या भाषेत हा एक प्रकारचा कॅप्चाच! (उड्डाणाआधीच त्याला तो आकडा गुपचूप सांगितला होता, हा भाग वेगळा.)

मी सॉफ्टवेअर लिहिते. सिस्टीमने स्वतः काय करायचं आणि माणसाला कधी मधे येऊ द्यायचं, हा प्रश्न आमच्या कामात रोज येतो. म्हणून मला या दोन देशांची यानं फार आवडतात. प्रश्न एकच, उत्तरं दोन.

रशियाचं उत्तर: मशीनवर विश्वास

व्होस्तोकचं मूळ डिझाईन आणि सोव्हिएत युनियनच्या झेनित या हेर उपग्रहाचं डिझाईन जवळपास एकच होतं. हेर उपग्रहात माणूस नसतो, त्यामुळे सगळं आपोआप चालणं भागच होतं.

दुसरं कारण रॉकेट. त्यांचं आर-७ रॉकेट जड अणुबॉम्ब वाहून नेण्यासाठी बनवलं होतं, त्यामुळे ताकद भरपूर. व्होस्तोकचं वजन सुमारे ४.७ टन, तर अमेरिकेच्या मर्क्युरीचं जेमतेम १.४ टन. वजनाची चिंता नसल्यामुळे त्यांनी माणसाची केबिन सरळ गोल चेंडूसारखी केली आणि तिला सगळीकडून उष्णतारोधक कवच लावलं. चेंडूचा जड भाग एका बाजूला ठेवला, की वातावरणात शिरल्यावर तो आपोआप सरळ होतो. कॉम्प्युटर नको, पायलट नको. फक्त जमिनीवर तो जोरात आदळायचा, म्हणून गागारिन सुमारे ७ किलोमीटर उंचीवर बाहेर फेकला गेला आणि वेगळ्या पॅराशूटने उतरला.

अमेरिकेचं उत्तर: पायलटला हातात काहीतरी द्या

मर्क्युरीसुद्धा आपोआप उडू शकत होतं. पण निवडलेले सातही जण लष्करातले टेस्ट पायलट. नुसतं डब्यात बसून जायला ते तयार नव्हते. त्यांनी नीट बाहेर बघता येईल अशी खिडकी मागितली, हाताने यान वळवता येईल अशी सोय मागितली, आणि भांडून मिळवली.

मे १९६३ मध्ये त्याचा उपयोग झाला. गॉर्डन कूपरच्या यानात शेवटच्या फेऱ्यांमध्ये ऑटोमॅटिक कंट्रोलची वीज गेली. त्याने खिडकीतून क्षितिज बघून यान सरळ केलं, मनगटावरच्या घड्याळाने वेळ मोजली आणि तो सुखरूप उतरला.

मग रशियन चुकले म्हणायचं का? थांबा. मार्च १९६५ मध्ये वोस्खोद-२ चं ऑटोमॅटिक लँडिंग फेल झालं. तेव्हा पावेल बेल्यायेवने हाताने इंजिन पेटवलं. यान ठरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर दूर, बर्फाच्छादित जंगलात उतरलं. दोन रात्री तिथे काढाव्या लागल्या, पण दोघे जगले. म्हणजे मशीनवर भरवसा ठेवणाऱ्यांनीही हाताचा पर्याय ठेवला होता.

वजन वाचवायची किंमत

हा फरक श्वासाच्या हवेतही दिसतो. रशियन यानात आपल्यासारखीच नायट्रोजन-ऑक्सिजनची हवा, नेहमीच्या दाबाने. अमेरिकन यानात नुसता ऑक्सिजन, तोही साधारण एक तृतीयांश दाबाने. एकच वायू, हलकी टाकी, सोपी यंत्रणा.

पण २७ जानेवारी १९६७ ला अपोलो-१ ची जमिनीवर चाचणी चालू होती. केबिनमध्ये शुद्ध ऑक्सिजन होता, आणि तोही बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाने. एक ठिणगी पुरली. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं, दाबामुळे ते उघडलंच नाही. तिघे अंतराळवीर गेले. त्यानंतर दार बाहेर उघडणारं झालं आणि लाँचच्या वेळी केबिनमध्ये नायट्रोजन मिसळायला लागले.

रशियालाही सुटका नव्हती. जून १९७१ मध्ये सोयुझ-११ परतताना एक व्हॉल्व्ह उघडला आणि केबिनमधली हवा निघून गेली. तिघे बसावेत म्हणून स्पेससूट दिलेच नव्हते. तिघेही वाचले नाहीत. पुढे अनेक वर्षं सोयुझमध्ये दोघेच जायचे, पण सूट घालून.

शटल विरुद्ध बुरान

दिसायला ही दोन यानं जुळी भावंडं. पण १९८१ मध्ये अमेरिकेच्या शटलने पहिलंच अंतराळ उड्डाण दोन माणसांना घेऊन केलं. बुरान १५ नोव्हेंबर १९८८ ला रिकामं गेलं, दोन फेऱ्या मारल्या आणि स्वतःहून धावपट्टीवर उतरलं. इतक्या वर्षांनंतरही स्वभाव तोच!

आज कोण जिंकलं?

आपल्याकडचीच दोन नावं घ्या. राकेश शर्मा १९८४ मध्ये सोयुझने गेले. शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये अमेरिकन क्रू ड्रॅगनने गेले. क्रू ड्रॅगन स्पेस स्टेशनला स्वतःच जोडलं जातं, अंतराळवीर टचस्क्रीनवर लक्ष ठेवतात आणि गरज पडली तर कंट्रोल हातात घेतात. म्हणजे यान अमेरिकेचं, पण रोजचं काम मशीनकडे, ही पद्धत जुन्या रशियन वळणाची. आपल्या गगनयानाच्या चार अंतराळवीरांनी ट्रेनिंग रशियात घेतलं, पण कॅप्सूल समुद्रात उतरणार आहे, अमेरिकन पद्धतीने.

मला विचाराल तर कोणा एकाचा विजय झालाच नाही. नेहमीचं काम मशीनने करावं, कारण ते थकत नाही. पण मशीन अडकेल तेव्हा माणसाला खिडकी हवी, हँडल हवं आणि ते कसं वापरायचं याचा सराव हवा. आणि हो, त्या हँडलला कुलूप असेल, तर कोड आधीच सांगून ठेवलेला बरा!