सोनोग्राफीत गर्भाशयाचे आकुंचन दिसले. पण मोजणी किती भरवशाची?

विश्रामबाग (सांगली) : वंध्यत्वावरील उपचारांसाठी जिल्हाभरातून जोडपी सांगली-मिरजेत येतात. आयव्हीएफमध्ये भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी काहींना सांगितले जाते, ‘गर्भाशय आकुंचन पावतंय, इंजेक्शन द्यावं लागेल.’ हा निष्कर्ष अनेकदा सोनोग्राफीच्या पडद्यावर नजरेने पाहून काढलेला असतो. त्यावर कितपत विसंबायचे?

आकुंचन म्हणजे काय?

या प्रसूतीच्या कळा नव्हेत. गर्भ नसतानाही गर्भाशयाच्या आतल्या स्नायूंत बारीक लाटा उठतात. बहुतेक वेळा त्या महिलेला जाणवतही नाहीत. बीज बाहेर पडण्याच्या सुमारास त्या वाढतात. नंतर प्रोजेस्टेरॉनमुळे मंदावतात.

महत्त्व कशामुळे?

फ्रान्समधील फांशँ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये आयव्हीएफ सायकल तपासल्या. मिनिटाला तीन किंवा त्याहून कमी लाटा असताना गर्भधारणेचे प्रमाण ५३ टक्के होते. पाचपेक्षा जास्त असताना १४ टक्के.

नजर कुठे चुकते?

लाट संथ आणि हालचाल अगदी थोडी असते. श्वास, आतड्यांची हालचाल किंवा प्रोब हलणे यामुळेही चित्र हलते. म्हणून काही मिनिटांचा व्हिडिओ घेऊन तो वेगाने चालवून लाटा मोजतात. लाटेची दिशा आणि जोर ठरवणे तर त्याहून अवघड.

दोघांचे मत जुळले की झाले?

नाही. समजा, दोन डॉक्टरांनी प्रत्येकी १०० पैकी ९० स्कॅन ‘शांत’ ठरवले. निव्वळ योगायोगानेही साधारण ८२ स्कॅनमध्ये त्यांचे मत जुळेल. हा योगायोग वजा करण्यासाठी ‘कप्पा’ हा आकडा काढतात. १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे केवळ योगायोग.

इंजेक्शनचे काय?

आकुंचन कमी करणारे अ‍ॅटोसिबॅन ८०० महिलांच्या चाचणीत तपासले गेले. हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१४ मध्ये निकाल मांडले : औषध घेतलेल्यांत जिवंत बाळाचे प्रमाण ३९.८ टक्के, न घेतलेल्यांत ३८ टक्के. म्हणजे सरसकट वापरून ठळक फायदा दिसला नाही. मात्र या महिला आकुंचन जास्त म्हणून निवडलेल्या नव्हत्या.

डॉक्टरांना काय विचाराल?

मिनिटाला किती लाटा दिसल्या? किती वेळ पाहिले? व्हिडिओ आहे का? दुसऱ्या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे मोजले का? इंजेक्शनचा खर्च किती, फायदा किती? उत्तरे ऐकून निर्णय डॉक्टरांसोबतच घ्या. औषध परस्पर बंद करू नका.