डोक्यावर घेतलेले गायक

काही वर्षांपूर्वी रेवसच्या धक्क्यावर आम्ही लाँचची वाट पाहत बसलो होतो. ओहोटी होती, गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नव्हती. आणि अशा वेळी माणसे जे करतात तेच शेजारच्या दोघांनी केले. ते वाद घालू लागले. एक निवृत्त गुरुजी, दुसरा बंदरात क्रेन चालवणारा तरुण. तरुणाच्या मोबाइलवर लताबाईंचे गाणे लागले होते. गुरुजी म्हणाले, "या सिनेमाच्या गायकांना लोकांनी उगाच डोक्यावर घेतले आहे. गाणे ऐकावे तर केसरबाई केरकरांचे." तरुण म्हणाला, "गुरुजी, मला हेच गोड लागतं. मग माझं चुकतं कुठे?" दोघांनीही आमच्याकडे पाहिले. कामगार संघटनेचा माणूस म्हणजे तंटा मिटवणारा, असा एक गैरसमज आमच्या भागात आहे.

तंटा काही आम्हांला मिटवता आला नाही. पण दोघे एकाच गोष्टीविषयी भांडत नव्हते, एवढे ध्यानात आले. गुरुजी कसबाविषयी बोलत होते आणि तरुण आवडीविषयी.

आवडीला दाखला लागत नाही. एखाद्याला सुक्या बोंबलाचे कालवण प्रिय, एखाद्याला त्याचा वासही सोसत नाही. तेथे पंच नेमून काय करणार? कसबाचे तसे नाही. वेल्डरने जोडलेला सांधा दाब दिल्यावर टिकतो की फुटतो हे दिसते. जाळ्याची वीण पाण्यात कळते. गाण्यातही सूर नेमका लागला की नाही, लय सुटली की नाही, श्वास कोठे घेतला, शब्द कोठे तुटला, हे दुसऱ्याला ऐकवून दाखवता येते. त्यासाठी कान तयार लागतो, घराण्यात जन्म घ्यावा लागत नाही. आम्ही कोणा बुवांचा गंडा बांधलेला नाही. जे थोडे कळते ते रेडिओपुढे बसून कळलेले आहे.

लोकप्रिय म्हणजे उथळ, हे समीकरण महाराष्ट्रात तरी फार जुने नसावे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. त्या काळचे सर्वांत लोकप्रिय असे हे दोन गायक नट, आणि दोघांचे गाणे अगदी वेगळे. केशवरावांचा आवाज उंच, धारदार, तानेला सरसावणारा; बालगंधर्वांचे सारे लक्ष शब्दाच्या लडिवाळपणावर आणि सुराच्या गोडव्यावर. प्रेक्षकांत तट पडले, कोणाला हा आवडला, कोणाला तो. पण बालगंधर्वांच्या 'स्वयंवर' नाटकातल्या चाली भास्करबुवा बखल्यांनी दिल्या होत्या हे विसरू नये. अनेक घराण्यांची विद्या पचवलेला हा गवई नाट्यपदांच्या मागे उभा होता. पिटातला प्रेक्षक टाळ्या वाजवीत होता म्हणून बुवांची विद्या हलकी झाली नाही.

पुढे कुमार गंधर्वांनी लताबाईंवर एक लेख लिहिला. स्वतः ख्यालगायक, आणि तेही बंडखोर. सिनेमाच्या गाण्याची भलामण करून त्यांना काही मिळवायचे नव्हते. लताबाईंमुळे साध्या माणसाचा कान सुरेल झाला, आणि तीन मिनिटांचे चांगले चित्रपटगीत व तीन तासांची रंगलेली मैफल यांचे कलामूल्य सारखेच, असा त्या लेखाचा आशय आहे. आमच्या गुरुजींना हे पटणार नाही. पण तीन मिनिटांत काय करावे लागे ते पाहा. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. त्यात मुखडा, अंतरे आणि वाद्यांचे तुकडे बसवायचे. १९५० च्या सुमारास गायिका आणि सारा वाद्यमेळ एकाच वेळी ध्वनिमुद्रित होई. एका व्हायोलिनवाल्याची गज घसरली तरी सर्वांनी पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि दहाव्या खेपेलाही गळा पहिल्या खेपेसारखाच ताजा हवा. हे कसब नव्हे तर काय?

एक राग तासभर वाढवीत नेण्याचे केसरबाईंचे काम वेगळे. ते लताबाईंनी केले नाही, त्यांच्याकडे कोणी मागितलेही नाही. लाँचचा वेग आणि पडावाचा भार एकाच मापाने मोजू नये.

आवड हुकमाने घडवण्याचा प्रयोगही आपल्याकडे होऊन गेला आहे. १९५२ साली नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ, अभिजात संगीताचे मोठे कैवारी. त्याच वर्षी आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि अनेक गवयांना त्यातून श्रोते व बिदागी मिळाली, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण सिनेमाची गाणी त्यांनी जवळजवळ बंद केली. लोकांनी काय केले? रेडिओची सुई सिलोनवर नेली. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारलाच विविध भारती काढावी लागली.

येथवर आवड आणि कसब झाले. तिसरी गोष्ट नाव, आणि आमच्यासारख्याला तीच अधिक खुपते. ज्यांना आज डोक्यावर घेतलेले म्हणतात, त्यांना आरंभी नावही नव्हते. १९४९ च्या 'महल' चित्रपटाच्या पहिल्या तबकड्यांवर लताबाईंऐवजी 'कामिनी' असे छापले होते. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव. फिल्मफेअरची पारितोषिके १९५४ साली सुरू झाली, पण पार्श्वगायनाला १९५९ पर्यंत वेगळे पारितोषिक नव्हते. १९६० नंतर लताबाईंनी गायकांनाही रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला. महंमद रफी यांचे म्हणणे असे की, एकदा बिदागी घेतली की व्यवहार संपला. त्यावरून काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. आमचे विचाराल तर रफीसाहेबांचा गळा आम्हांला अधिक आवडतो. पण या वादात आम्ही लताबाईंच्या बाजूचे.

गायकांना नाव तरी मिळाले. त्याच खोलीत बसलेल्या वादकांना तेही नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवीत आणि वाद्यमेळाची स्वरलिपी लिहीत. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या कितीतरी गाण्यांचा वाद्यमेळ बांधला. गोव्याच्या चर्चशाळांतून नोटेशन शिकून आलेल्या अशा माणसांच्या हातून ती गाणी उभी राहिली. ती आपण गुणगुणतो, पण ही नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

२०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन कलावंतांना व्यापारी वापरातील रॉयल्टीचा हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीत एक मेख आहे. चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आणि ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेच नाही, तो या हक्कापुरता कलावंत धरला जात नाही. म्हणजे पडद्यावर नाव येणे ही केवळ हौस राहिली नाही, तो पगारपत्रकाचा प्रश्न झाला.

आणि ज्यांच्यासाठी पडदाच नाही, त्यांचे काय? आमच्या किनाऱ्यावर आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण विधीविधीला धवले गाते. हातात कागद नसतो. सारी गाणी आणि त्यांचा क्रम तिला तोंडपाठ. तिचा गळा कोणाला गोड लागेल, कोणाला रखरखीत. पण कोणत्या विधीला काय म्हणायचे हे चुकले तर मांडवातल्या म्हाताऱ्या तिथेच थांबवतात, म्हणजे परीक्षाही आहेच. आता हळदीच्या रात्री डीजे असतो. त्याचा हिशेब आधी ठरतो, पावतीवर त्याचे नाव-पत्ता असतो. धवलारणीला साडी-नारळ मिळतो, आणि तिचे नाव विचारले तर मांडवातून उत्तर येते : अमक्याची आजी.