किलोच्या भावात जाणारा मजकूर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे संगणकही घरातून बाहेर काढले जाऊ लागले. शहरातल्या जुन्या बाजारांवर लिहून झालंय, गावाकडचे संगणक कुठे जातात ते बघून या, असं संपादकांनी सांगितलं आणि मी गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात बोदलकसा गाठलं.

बोदलकसा माहीत आहे ते तलावामुळे. इंग्रजांच्या काळात, १९१७ साली मातीचं धरण घालून अडवलेलं पाणी, भोवताली जंगल, हिवाळ्यात येणारे पाहुणे पक्षी. संगणकाचं इथं काय, असं कुणालाही वाटेल. पण १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि त्यानंतर दोनच वर्षांत एमकेसीएलचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र लागू लागलं. पोराला सराव व्हावा म्हणून ज्यांना जमलं त्यांनी घरी मशीन घेतली: पेंटियम ४, पाठ मोठी असलेला मॉनिटर आणि भारनियमन होतं म्हणून यूपीएस. बँकेचा हप्ता संपेपर्यंत पोरगं नागपूरला किंवा पुण्याला गेलेलं. मशीन मात्र कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली.

ही मशीन उचलणारा एक गृहस्थ मला या भागात भेटला. नाव छापू नका म्हणाला. पूर्वी तो डीटीपी ऑपरेटर होता. आता आसपासच्या गावांतून जुने संगणक घेतो, दुरुस्त होतील ते दुरुस्त करून विकतो, उरलेले तिरोडा-गोंदियाच्या भंगारवाल्याकडे पोचवतो. "घरवाले म्हणतात, घेऊन जा जी, जागा अडवून बसला," तो सांगत होता. "मशीन चालते जी, पण घेणारा राहत नाही."

त्याच्या धंद्यात काय खपतं याचा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात आधी जाते यूपीएसची बॅटरी, कारण आत शिसं असतं. मग रॅम, एसएमपीएस, तांब्याच्या तारा, शेवटी लोखंडी कॅबिनेट. मदरबोर्ड हातात घेतला की तो आधी कपॅसिटरची डोकी बघतो. ती फुगलेली असतील तर बोर्ड भंगारात. नसतील तर नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी बदलून बघतो. घड्याळ मागे गेलेलं आणि तक्रार दाखवत अडलेलं मशीन पुष्कळदा तेवढ्यानंच सुरळीत होतं. जाड मॉनिटर कुणालाच नको असतो. त्याच्या काचेत शिसं आहे, ओझंही आहे आणि मोल नाही.

सॉफ्टवेअर तर कुणी विकत घेईल हे विकणाऱ्याच्या मनातही येत नाही. सीडींचा गठ्ठा घरवाले वर फुकट देतात. हा मात्र एकेक सीडी उजेडात धरून बघतो, चिठ्ठी लावतो आणि जपून ठेवतो. मला आधी हा छंद वाटला. त्यानं कारण सांगितलं. विंडोज एक्सपीत देवनागरी आपोआप नीट दिसत नसे. रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, मग मशीन मूळ सीडी मागे. तिच्यातल्या 'आय-३८६' नावाच्या फोल्डरमधून फायली उतरल्या की जोडाक्षरं जुळत. ती सीडी भंगारात गेली, तर ते जुनं मशीन पुन्हा उभं करताना मराठीपाशीच अडतं.

आणि जुनं मशीन पुन्हा उभं करायचं कशाला, याचं उत्तर त्याच्या टेबलावर होतं. एका घरातल्या संगणकातून काढलेली हार्ड डिस्क त्यानं चाळीस पिनांच्या जुन्या पट्टीऐवजी एका यूएसबी जोडणीवर लावली होती. डिस्क गुरगुरली, थांबली, पुन्हा फिरली. फोल्डर उघडले: लग्नपत्रिका, बचत गटाच्या याद्या, शाळेच्या प्रश्नपत्रिका, झाडीपट्टी नाटकाची हस्तपत्रकं. एक फाइल लॅपटॉपवर उघडली आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आली. एफ, ओ, एन, मोठा एच, के, मोठा झेड.

"विदर्भ," तो म्हणाला. सहज, वर्तमानपत्र वाचावं तसं.

हा कृती देव फॉन्टचा मजकूर होता. त्या काळी या फॉन्टनं एक युक्ती केली: इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले, तेही रेमिंग्टन टंकयंत्राच्या बेतानं. एफ म्हणजे पहिली वेलांटी, ओ म्हणजे व, एन म्हणजे द, मोठा एच आणि के मिळून भ, मोठा झेड म्हणजे रफार. फॉन्ट असेल तर विदर्भ दिसतो. नसेल तर मशीनच्या लेखी तिथं सहा इंग्रजी अक्षरं आहेत, मराठी नाहीच. वर्षानुवर्षं बोटांनी हे टंकल्यामुळे तो माणूस फॉन्टशिवाय वाचतो. ओळीमागून ओळी त्यानं मला वाचून दाखवल्या. एवढी विद्या एका माणसाच्या बोटांत आणि डोळ्यांत आहे, आणि तिला बाजारात काही दर नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

वास्तविक १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण ठरलं होतं आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी आली. पण छपाईच्या कामाला सुबक अक्षर लागत होतं, ते हाती होतं अशाच फॉन्टांत. म्हणून आपल्या घरगुती आणि गावच्या छपाईची सुमारे दोन दशकं या सांकेतिक फायलींत अडकून पडली आहेत. जुना संगणक विकताना आपण लोखंड आणि प्लास्टिक विकतो असं समजतो. त्यासोबत हा मजकूरही जातो, न वाचता.

तो सोडवणं मात्र सोपं नाही. रूपांतर करणारे प्रोग्राम फुकट मिळतात, पण कृती देवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर. रफार कृती देवमध्ये शेवटी येतो, काना-मात्रेच्याही नंतर, आणि युनिकोडमध्ये त्याला अक्षराच्या आधी न्यावं लागतं. एक उडी चुकली की शब्द बिघडतो. मजकुरात मध्येच खरी इंग्रजी असेल, एखादी पदवी किंवा ईमेल पत्ता, तर साधं रूपांतर त्याचंही मराठी करायला जातं. म्हणून प्रत्येक पान माणसानं वाचावं लागतं.

मजकूर पेजमेकरमध्ये असेल तर आधी पेजमेकर हवं, आणि त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. ती चालवायला जुनं मशीनच बरं पडतं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारखी सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर चालत. लॉक म्हणजे बोटभर डबा, तो मागे प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या तोंडात खोचलेला असे. कॅबिनेट विकताना तो कुणाच्या लक्षात येत नाही. लॉक गेलं की सीडी हातात असूनही प्रोग्राम उघडत नाही. संगणकासोबत आलेली विंडोजही बहुधा त्याच मशीनपुरती असते. ती काढून दुसऱ्याला विकता येत नाही, हे घेणाऱ्याला सांगावं लागतं आणि सांगितलं की सौदा मोडतो.

दुसरी काळजी उलट बाजूची. लोक डिस्क फॉरमॅट करून देतात आणि निश्चिंत होतात. झटपट फॉरमॅटनं फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं तशीच राहतात. बँकेच्या पासबुकाचे स्कॅन, मुलींचे फोटो, सातबारा, सगळं परत निघतं. हा गृहस्थ आधी घरवाल्यांना पेन ड्राइव्हवर त्यांच्या फायली देतो, मग डिस्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शून्यं लिहितो. त्याला रात्र जाते. त्या रात्रीचे पैसे कुणी देत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुनी उपकरणं नोंदणीकृत रिसायकलरपर्यंत नेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. या गृहस्थापर्यंत मात्र त्यांच्यातलं कुणी आलेलं नाही. तारा भंगारवाल्याकडे गेल्या की तांब्यासाठी जाळल्या जातात, हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो त्या स्वतः सोलतो. मॉनिटर फोडायला देत नाही. ते त्याच्या पडवीत भिंतीला लावून रचलेत आणि पावसाळ्याआधी त्यांचं काय करायचं हे त्याला सुचत नाही.

माझं म्हणणं घरच्या लोकांना आहे. मशीन द्यायच्या आधी मागची बाजू बघा, तिथं लॉक खोचलेलं असेल तर काढून ठेवा. सीडी टाकू नका. डिस्क कुणा जाणत्याकडून उतरवून घ्या आणि अक्षरं इंग्रजी दिसली म्हणून फाइल पुसू नका. रूपांतर झाल्यावर शेजारी बसून गावांची, माणसांची नावं तपासा, कारण ती बरोबर आहेत की नाहीत हे रूपांतर करणाऱ्याला कळणार नाही. त्या गृहस्थाच्या टेबलावरच्या डिस्कमधल्या बचत गटाच्या यादीत एक आडनाव तीन प्रकारे आलं होतं आणि खरं कोणतं हे विचारायला तो पुन्हा त्या घरी गेला.